आईच्या आवाजाचा काउंट

घणसोली गावात माझं पडद्यांचं आणि चादरींचं दुकान आहे. रस्त्याच्या कडेला गाठोडं सोडून विकायला बसायचे, तिथून इथवर मी एकटी आले. त्यामुळे मोठ्या आकड्यांना मी भीत नाही. टॉवरमधल्या बायका येतात आणि आधी विचारतात, "काउंट किती?" चादरीत धागे जितके दाट तितका काउंट मोठा, आणि तितका भाव. व्यापारी मला असा माल गळ्यात मारायला बघतो तेव्हा मी त्यालाच डोळे मिटायला लावते आणि दोन चादरींवर हात फिरवायला सांगते. एका हद्दीनंतर त्यालाही ओळखता येत नाही. मग भाव उतरतो.

माझी आई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजी असो वा नसो, धवलारीण लागतेच. हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिच्या तोंडी असतो. लिहिलेलं काही नाही. तळवलीपासून पार खाडीकाठच्या गावांपर्यंत तिला बोलावणं यायचं. हे सगळं तिने माझ्या वहिनीला शिकवलं, मला नाही. मी मागितलं तेव्हा म्हणाली, "तुझा गला भाव करायचा हाय. त्यो तिकडंच वापर." वहिनी खारघरला सोळाव्या मजल्यावर राहायला गेली आणि निम्मं विसरली. हा राग मी आजवर सोडलेला नाही, आणि सोडायची घाईही नाही.

गेल्या वर्षी आईच्या गळ्याला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होईल नीट, पण आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री नाही. आई म्हणाली, "बरं." मी मात्र त्या रात्रभर तळमळले. ऑपरेशनच्या आधी तिचे धवले टिपून ठेवायचे, आणि तेही सगळ्यात भारी यंत्रावर, असं मी ठरवलं.

खारघरला एक स्टुडिओ सापडला. मालक टक्कल पडलेला, मऊ बोलणारा माणूस. त्याने दोन दर सांगितले, एक साधा आणि एक हाय-रेझोल्यूशनचा.

"चोवीस बिट आहे ताई. आवाजातली बारीकसारीक गोष्ट येते."

"डोळे मिटा," मी म्हटलं.

"काय?"

"एकच गाणं दोन्ही तऱ्हेनं लावा. बटण मी दाबते. तुम्ही ओळखा कुठलं भारी."

तो हसला, पण तयार झाला. त्याचं चुकलं. परत लावलं, तेव्हा बरोबर आलं. तिसऱ्यांदा पुन्हा चुकलं. मी हेडफोन लावून ऐकलं, मला तर दोन्ही एकच वाटलं. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर सावरत बसली होती. ती म्हणाली, "अगो, तू आवाजाची पन घासाघीस करतंस काय?"

"मग करू नको?"

तो माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, "ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा फरक पडत नाही, खरं सांगतो. पण रेकॉर्ड करताना पडतो. मावशींचा आवाज मध्येच अगदी बारीक झाला, मध्येच चढला, तरी नंतर सांभाळून घेता येतं. नंतर तुम्ही मोबाइलवर ऐका नाहीतर कशावरही." हे मला पटलं. कापड बेतायच्या आधी जास्त घ्यावं लागतं, तसंच हे. भाव मी तरीही उतरवला.

आईला काचेच्या खोलीत बसवलं. भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं. आत इतकं शांत होतं की तिच्या बांगड्यांचा आवाज मला बाहेर हेडफोनमध्ये ऐकू आला. त्याने हात केला. आईने डोळे मिटले, पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

आम्ही वाट बघितली. काहीच नाही.

"मावशी, म्हणा पुढे," तो माइकवरून म्हणाला.

तिने तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा थांबली. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "विसरल्या वाटतं. वय झालंय." माझा पारा चढला. "माझी आई विसरत नाही," मी म्हटलं खरं, पण मलाही शंका आली. गळ्याबरोबर डोकंही गेलं की काय?

मी दार उघडून आत गेले. "आये, काय झालं? म्हन ना."

आई वैतागून बघत होती. "कशी म्हनू? मांगं कोन हाय?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. धवलारीण एक ओळ म्हणते आणि मागच्या बाया ती उचलतात. त्यांनी उचलल्याशिवाय पुढची ओळ म्हणायची नसते. आयुष्यात ती एकटी कधी गायलीच नव्हती. सगळ्यात भारी यंत्र घेतलं, पण मागे उभी राहणारी बाई आणायचं मला सुचलं नाही. वहिनीला तर मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

"मी हाय," मी म्हटलं.

"तुना येतंय?"

"तू शिकवलंस काय, यायला?"

काचेपलीकडून तो माणूस म्हणाला, "ताई, दुसरा माइक देऊ का?" आई म्हणाली, "हिला कनाला माइक? रस्त्यावर आयकू जाईल." आणि तिने ओळ म्हटली.

मी ती उचलली. माझा आवाज खडबडीत, सूर इकडे तिकडे. तिसऱ्या ओळीला मी शब्दच चुकले. पण आई थांबली नाही. हळद लावायचा, तांदूळ कांडायचा, देवांना आमंत्रण द्यायचा, एकामागून एक धवले ती म्हणत गेली. मी तिच्या तोंडाकडे बघत मागून म्हणत गेले. मध्येच तिचा आवाज इतका बारीक झाला की मला तो ओठांवरून वाचावा लागला.

ऑपरेशन झालं. आई वाचली, आवाज वाचला नाही. उरली नुसती कुजबुज.

स्टुडिओतून आलेली फाइल इतकी मोठी होती की माझ्या फोनवर ती उघडेचना. भाच्याने ती लहान करून घरच्या ग्रुपवर टाकली. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ती दुकानात गल्ल्यावर फोन ठेवून ऐकली. बाहेर रिक्षांचे हॉर्न, वर पंखा. तिसऱ्या ओळीला मी चुकले, आणि लगेच मागून आईचा छोटासा आवाज आला, "हां." त्या दिवशी खोलीत मला तो ऐकूच आला नव्हता. माझंच तोंड चालू होतं.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि घरी गेले. आई भाजी निवडत होती.

"आये, मी चुकले तिथं तू हां कनाला म्हनालीस?"

ती आठवत राहिली. मग कुजबुजली, "फुडची बरोबर घेशील म्हनून."

मी बोलले ते भांडल्यासारखंच निघालं. "मग आता शिकव. सगले शिकव."

तिने गळ्यावरच्या पट्टीला हात लावला. "आता? कशी?"

"तू कानात सांग. मोठ्यानं मी म्हनते."

आईने माझ्याकडे बघितलं, भाजीचं ताट बाजूला सरकवलं आणि खुणेने मला जवळ बसायला सांगितलं.