द्वारकाबाईंची कोठीची अट

पदमपुऱ्यातल्या द्वारकाबाईंनी माझ्या लग्नाचा स्वयंपाक करायला नकार दिला होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं मी आकसानं लिहिलंय की कौतुकानं, ते तुमचं तुम्ही ठरवा. आमची भिंतीला भिंत. त्यांची पत्रं मी लिहायचो, मला ताक त्या द्यायच्या. तरी नाहीच म्हणाल्या.

लग्नघरात शिधा ठेवतात ती कोठी. तिची किल्ली एकाच माणसाच्या हाती हवी, आणि मागितलं ते त्यानं कुरकुर न करता काढून द्यावं, एवढीच त्यांची अट. आमच्याकडे त्या बोलणी करायला आल्या, तर किल्ली आईकडे, तेलाच्या डब्यावर नजर आत्याची, डाळीवर मामीची आणि सगळ्यांना सूचना माझ्या.

"मास्तर, तुमच्यात चार मालक हायेत," त्या म्हणाल्या. "वरणात चारदा मीठ पडंल." आणि पदर खोचून गेल्या.

नवरा आचारी होता. तो गेल्यावर त्यांनी त्याचा झारा उचलला. निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शनला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. औरंगाबादेत पुरुष आचारी पुष्कळ, बाई ही एकटीच. पुरुषाचं वरण पातळ झालं तर लोक डाळीला नावं ठेवायचे, बाईचं झालं तर बाईला. म्हणून त्या घरं निवडून घ्यायच्या.

असं असताना गंगापूरहून काकासाहेबांचा निरोप आला. थोरल्या मुलीचं लग्न आहे, स्वयंपाकाला या. काकासाहेब म्हणजे मोठी शेती, दारात जीप आणि कोठीची किल्ली कमरेच्या करदोड्याला. पुतण्याच्या लग्नात त्यांनी तीनशे पानांची डाळ मोजून दिली, जेवायला बोलावले पाचशे, आणि भर पंगतीत ओरडले ते सांडू आचाऱ्यावर. त्या सांडूला पुढं वैजापूरपासून पाचोडपर्यंत कुणी विचारलं नाही.

"मग नाही म्हणा," मी म्हणालो.

"आन् माझी आवडा? काकासाहेबांच्याच भावकीत दिलीय तिला. म्या नाय म्हणलं की तिची सासू रोज टोचंल."

गेलं तर नाव जाणार, न जावं तर लेकीला बोलणी. द्वारकाबाईंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी गालातल्या गालात हसत आल्या. "चला मास्तर, सामानाची याद लिवायला. नाय म्या म्हणायचंच नाय. त्येंच्याच तोंडून वदवायचं."

काकासाहेबांच्या ओसरीवर सगळी भावकी बसली होती. द्वारकाबाईंनी बुंदी, वरण, वांग्याची भाजी सगळं कबूल केलं. मग अगदी गरीब तोंड करून म्हणाल्या, "किल्ली तेवढी तुमच्याकडं नको. घरच्या बाईकडं द्या. शेवटची पंगत उठंपर्यंत माघारी मागायची नाय."

तीस वर्षांच्या संसारात काकासाहेबांनी बायकोच्या हाती ती किल्ली कधी दिली नव्हती, हे आवडेकडून आधीच कळलं होतं. काकासाहेब हसले. "त्ये काय जमायचं नाय, द्वारकाबाई."

"मंग माझाबी इलाज नाय," म्हणत बाई उठल्यासुद्धा. मी दौतीचं झाकण लावलं. इतका सुखाचा नकार मी आयुष्यात पाहिला नव्हता.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. काकासाहेबांच्या पत्नी, चतुराबाई. "द्या की. माझ्या लेकीचं लगीन हाय."

भावकीतले म्हातारे आप्पासाहेब मिशीत हसून म्हणाले, "द्या काकासाहेब. किल्लीच मागतीय, जमीन नाय."

आता भावकीसमोर काय करणार? काकासाहेब भिंतीकडे वळले आणि धोतराच्या घड्यांत हात घालून बराच वेळ खुडबूड करत राहिले. सगळे आढ्याकडे बघत होते. किल्ली निघाली, दाराआड गेली, आणि द्वारकाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. इथं मला झालेला आनंद मी लपवत नाही.

लग्नाला ठरलेल्या पाचशेऐवजी सातशे माणूस आलं. द्वारकाबाई चुलीपाशी धास्तावून बसल्या होत्या. पण त्यांना एकदाही काही मागावं लागलं नाही. मांडवात गर्दी दिसली की चतुराबाई आपणहून डाळ काढायच्या, तूप पाठवायच्या. शेवटच्या पंगतीतही वरण दाट होतं.

परत येताना एसटीत द्वारकाबाई शेजारीच होत्या. वाळूज मागं पडल्यावर म्हणाल्या, "मास्तर, म्या चुकले. गिऱ्हाईक लई चांगलं व्हतं. निरोप भलत्याच माणसाचा आला व्हता."

दोन वर्षांनी धाकटीचं लग्न ठरलं आणि काकासाहेब स्वतः जीप घेऊन पदमपुऱ्यात आले. द्वारकाबाईंनी त्यांना दारातच नमस्कार केला. "तुमच्याशी काय बोलू? बाईंना आणा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चतुराबाईंना आणलं. दोघी आत बसून तासभर बोलत होत्या, मधूनच खिदळत होत्या. काकासाहेब बाहेर उन्हात जीपमध्ये. मी त्यांना तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

"काय ठरलं आत?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला काय माहीत?" मी म्हणालो. "याद चतुराबाईच सांगतायत आणि द्वारकाबाई पाठ करतायत. मलाही बाहेर काढलंय."

काकासाहेब सरकले आणि त्यांनी मला जीपमध्ये जागा करून दिली.