वायसरचा काहीच दोष नव्हता

आमच्या घरात गेली सहा वर्षं एक निरपराध वायसर बदनाम आहे. नळातली ती रबराची चकती. तिनं कधी कुणाचं वाकडं केलं नाही. माझंही आता वय झालं, तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो.

लेकीला पुण्यात मुलगी झाली आणि आम्ही दोघं निघालो. मे महिना. सुमनला, म्हणजे आमच्या सौ.ना, एकच घोर: हॉलमधला मनीप्लांट. शाळेतून निवृत्त झाली त्या दिवशी तिनं स्टाफरूममधल्या वेलाची फांदी आणून लावलेली. त्याच्याशी ती रोज बोलायची. (माझ्याशी लागेल तसं.)

खालच्या मजल्यावर रशीदभाई आणि त्यांची बायको नसीमभाभी राहतात. शहागंजात रशीदभाईंचं कापडाचं दुकान आहे. ते म्हणाले, "साळवेसाब, चावी दे के जाओ. नसीम पानी डाल देगी."

"गरज नाय रशीदभाई. मी इंतजाम केलाय."

इंतजाम असा. झाडाला आठवड्यातून एकदा पाणी लागतं. चिकलठाण्यात आमच्या नळालाही साधारण तेवढ्याच अंतरानं येतं. इतका जुळून आलेला योग वाया का घालवायचा? मोरीतल्या नळाला पाइप जोडला, दुसरं टोक हॉलमधल्या कुंडीत खोचलं. खाली सगळ्यांच्या मोटारी पाणी ओढतात, वर आमच्याकडं नुसते थेंब ठिबकतात. म्हणून नळ पूर्ण उघडा ठेवला. (पाइप बांधायला हवा होता, हे आता मलाही पटतं.)

मधली एक पाळी हुकली. पाणी आलं ते थेट नातीच्या बारशाच्या दिवशी, आणि नेमकी तेव्हाच इकडं लाइट गेलेली. एकाही मोटारीनं पाणी ओढलं नाही. सगळा जोर वर चढला.

पाळणा म्हणायला सुरुवात झाली आणि माझा फोन वाजला.

"साळवेसाब, आपके दरवाजे के नीचे से पानी आ रहा है."

"किती?"

"सीढ़ी पे लोग हंडे लेके बैठे हैं."

"अहो, बाहेरचा कॉक बंद करा की!"

"कर रहा था. लोग बोले, रुको चाचा, दो ड्रम बाकी हैं."

"कुणाचा फोन?" सुमननं विचारलं.

"रशीदभाई. पाणी आलंय म्हणत होते."

"बरं झालं बाई," ती म्हणाली.

बँकेचं काम काढून मी दुसऱ्या दिवशी एकटाच परतलो. रशीदभाई सोबत वर आले. गादी भिजून पलंगाला चिकटली होती. माझी एक चप्पल स्वयंपाकघरात पोचली होती. पाइप पहिल्याच झटक्याला कुंडीतून उडून पलंगाखाली शिरला होता. आणि स्टुलावरच्या कुंडीत मातीला भेगा! वेल वाळून काडी झालेला.

रशीदभाई कुंडीत डोकावले. "साब, पूरे घर को नहलाया. बस इसी को छोड़ दिया."

मी मटकन खाली बसलो. (तिथंही ओलं होतं.) नवं झाड बाजारात मिळालं असतं, स्टाफरूममधलं कुठून आणणार?

नसीमभाभींनी जिन्यातूनच विचारलं, "भाभी ने मेरे को जो डाली दी थी, वो लगा दूं क्या?" सुमननंच दिलेली याच वेलाची फांदी त्यांच्या खिडकीत बाटलीत टवटवीत होती. ती कुंडीत लावली.

महिन्याभरानं सुमन आली. भिंतीवरची ओल बघून म्हणाली, "हे काय?"

"नळाचं वायसर गेलं."

मग कुंडीपाशी उभी राहिली. "लईच बारीक झाला हो."

"तुझ्या आठवणीनं."

तिनं आजवर एका शब्दानं विचारलेलं नाही. वायसर मात्र त्याच आठवड्यात बदलून घेतलं, तेही मला पुढ्यात उभं करून.

तेव्हापासून ती लेकीकडं निघाली की मनीप्लांट कुंडीसकट खाली रशीदभाईंकडं जातो.

मी घरीच असतो.