बाज मावेल एवढी खिडकी

मेअखेरीचा नऊ कडक दिवसांचा नवतपा लागला की आमच्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये भर दुपारी संध्याकाळ होते. खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, कूलरमध्ये ओली खस, म्हणजे वाळा, आणि त्या ओल्या वासाच्या अंधारात भिंतीशी माझा सत्तावीस इंची मॉनिटर. त्या उन्हाळ्यात मी त्याच्यावर तीन आकाशं शेजारीशेजारी उघडून बसत असे.

मी नोकरीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याने बांधलेल्यात चुका काढायचे हिला पैसे मिळतात, असं आई शेजारणींना सांगते, आणि ते खरंच आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी संधी मिळेल तिथे सांगते. ज्यांना हे सांगावं लागत नाही त्यांना ती बढाई वाटते, वाटू दे. कॉलेजात मी जे शिकले ते फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर शिकले, म्हणून सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांसाठी मराठीत तुलना लिहिते. अमुक काम करायचं तर कोणता प्रोग्राम घ्यावा, जुन्या कॉम्प्युटरवर कोणता दम धरतो, मराठी कोणाला नीट येतं. त्या खेपेला विषय होता आकाश दाखवणारे प्रोग्राम. गाव टाका, तारीख टाका, वेळ टाका, त्या क्षणी त्या गावावर कोणत्या चांदण्या होत्या ते पडद्यावर उमटतं.

तिन्ही ओपन सोर्स. बाबांना मी हे समजावू लागले तर ते म्हणाले, "म्हणजे घरचं बियाणं. पेरा, राखून ठेवा, शेजाऱ्याले द्या. कोणाले विचारा लागत नाही." याच विषयावर मी कॉलेजात चार पानं लिहिली होती.

आणि तिन्ही एकाच टूलकिटवर बांधलेले. टूलकिट म्हणजे तयार सामानाची पेटी: खिडक्या, बटणं, याद्या, सरकपट्ट्या. त्या सामानातून एकदा बांधलं की विंडोज असो, लिनक्स असो, घर तिन्हीचारी ठिकाणी उभं राहतं. आमच्या गावात एकच सुतार होता. कोणाच्याही घरी जा, दाराची कडी त्याच उंचीवर, त्याच बाजूला. अंधारातही हाताला सापडायची. या तिन्ही प्रोग्रामांचं तसंच होतं. एकात सरावलेला हात दुसऱ्यात चुकत नव्हता. फरक आत होता, आणि तो शोधायचा हेच माझं काम.

मी तक्ता केला होता. सुरू व्हायला किती वेळ, मेमरी किती खातो, तारे किती, मराठी कितपत. एकात मराठी अर्ध्यातच संपायचं आणि पुढचा मेन्यू इंग्रजीत बोलायला लागायचा, लग्नात नवरदेवाचा मित्र बोलतो तसा. बावीस ओळींचा तक्ता. मला त्याचा अभिमान होता.

बाबा मागे पलंगावर बसून असायचे. उमरेड तालुक्यातलं गाव सोडून ते आणि आई माझ्याकडे आले ते डोळ्यांमुळे. काचबिंदू. समोरचं नीट दिसतं, बाजूचं विझत जातं, नळीतून पाहिल्यासारखं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं, आणि तेही किती टिकेल ते लिहून देता येत नाही. सकाळ-संध्याकाळ थेंब. बाबा पेपरातली बारीक जाहिरात वाचायचे आणि पायापाशीच्या स्टुलाला अडखळायचे. लोकांना वाटायचं, नाटक आहे.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुह्या या आकाशात बाज आहे काय वं?"

ज्याला पुस्तकं सप्तर्षी म्हणतात, त्याला आमच्याकडे बाज, म्हणजे खाट, म्हणतात. चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार पाय. बाजेवर म्हातारी निजली आहे, आणि मागून तीन चोर बाज पळवायला आले आहेत, एकामागे एक. बाबा तरुणपणी थंडीत जागलीला जायचे, म्हणजे रानडुकरांपासून पीक राखायला रात्री वावरात बसायचे. दोघे भाऊ आळीपाळीने. घड्याळ नव्हतं. पौषात बाज उत्तरेच्या अंगाला आधी वर यायची आणि चोर तिच्यामागून. तिसरा चोर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, सागाच्या वर निघाला की बाबांची पाळी संपली. मोठ्या भावाला उठवायचं आणि त्याच्या उबेच्या जागी आपण शिरायचं.

"वरती गच्चीवर गेलो होतो न मी, तुह्या आईसंगं," बाबा म्हणाले. "इथं तसाही उजेड लय. पण पाय दिसले त चोर जातात, चोर पाहू गेलो त बाज जाते. पुरी बाज एका टायमाले दिसतच नाही आता. एकदा पाहा लागते."

एवढंच म्हणाले. पण पुढची नळी किती उरली आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्या 'एकदा'चं मला ओझं झालं.

मी कामाला लागले. पहिल्या प्रोग्राममध्ये आमचं गाव यादीत नव्हतं, असणार तरी कसं. फोनवरच्या नकाशातून अक्षांश-रेखांश काढून टाकले. पौष महिना, मध्यरात्रीनंतरचा एक. मग बाज पकडली आणि मोठी केली. आणखी मोठी. ताऱ्यांचे ठिपके बोराएवढे केले. खिडकी पूर्ण पडदाभर पसरली. डोळे अधू असलेल्या माणसाला मोठं करून दाखवायचं, यात विचार करण्यासारखं काय आहे? सत्तावीस इंची मॉनिटर मी त्यांच्यासाठीच तर घेतला होता.

"दिसून राहिलं काय, बाबा?"

"दिसून राहिलं न. मस्त आहे."

दुसऱ्यात त्याहून मोठं केलं. "हे?"

"हेही मस्त आहे."

तिसऱ्यात रंग बदलले, रेघा जाड केल्या. "मस्त," बाबा म्हणाले आणि मान इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत राहिले, रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखी.

आई दारात मटकी निवडत बसली होती. ती ताटातून नजर न काढता म्हणाली, "दिवसा चांदण्या दाखवून राहिली बापाले. अन् तेही खोटं बोलून राहिले."

"काहून खोटं बोलतील?"

"तुह्या मॉनिटरले वाईट वाटू नये म्हणून."

बाबा हसले, म्हणजे आईचंच खरं होतं. मला राग आला. त्यांचा नाही, माझाच. आठवडाभर मी बावीस ओळी भरत होते आणि माझ्या मागे बसलेला एकमेव वापरणारा 'मस्त' म्हणत होता. ऑफिसात कोणी तपासणीत 'मस्त' असं लिहून आणलं तर मी ते परत पाठवते.

"मंग कसं दिसते ते सांगा न, बाबा."

"एक चांदणी दिसते. चांगली टपोरी. मंग मान फिरवली की दुसरी दिसते. तवर पहिली गेलेली असते." ते उठले. "राहू दे. पाणी पिऊन येतो."

भिंतीला हात लावत ते स्वयंपाकघराकडे गेले. माठावर झाकणी ठेवल्याचा आवाज आला. मी पहिली दोन आकाशं बंद केली. तिसरं बंद करणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बाबांचा आवाज आला, अगदी हळू, पाखरू उडून जाईल अशा बेताने.

"थांब. हलवू नको."

मी वळून पाहिलं. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, हातात पेला, नजर मॉनिटरवर.

"थे पाह्य, बाज. चारही पाय. अन् दोन चोर. तिसरा... तिसरा तुह्या खांद्याच्या मागं आहे, सरक."

मी सरकले.

कॉलेजात मला प्रकाशशास्त्रात चांगले मार्क होते. तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याचं पाहणं नळीएवढं उरलं आहे त्याला मोठं केलेलं काय कामाचं? त्याला लहान हवं. दूर गेलं की बाज लहान होते आणि नळीत मावते. पडद्याच्या पुढ्यात बसून मी त्यांच्या डोळ्यांतून एकेक पाय बाहेर ढकलत होते.

पण दारात उभं राहून कोणी आकाश पाहत नाही, गुडघे दुखतात. बाबांना पलंगावर बसवलं आणि खरी तुलना तेव्हा सुरू झाली. खिडकी लहान केली की आतलं आकाशही लहान होतं, म्हणून पहिल्या प्रोग्रामची खिडकी कोपऱ्यातून धरून मी आत ढकलू लागले. वितीच्या जरा वर येऊन ती अडली. वरच्या पट्टीत बटणांची अशी गर्दी की त्यांच्या रुंदीखाली खिडकी जायलाच तयार नाही. दुसरी पुढे गेली, पण आकाश घटलं आणि खालची माहितीची पट्टी तेवढीच राहिली. शेवटी अर्धी खिडकी आकाश आणि अर्धी पट्टी. सुतार तोच, सामान तेच, पण बांधणाऱ्याने कोणाला डोळ्यांसमोर धरून बांधलं ते इथे कळत होतं. तिसऱ्यात सगळ्या पट्ट्या लपवता येत होत्या. ती ढकलत गेले, ढकलत गेले, आणि ती बाबांच्या चुन्याच्या डबीएवढी होईपर्यंत कुरकुरली नाही. मोठ्या काळ्या पडद्याच्या मध्यभागी एवढंसं आकाश.

"हे?" मी विचारलं.

बाबांनी 'मस्त' म्हटलं नाही. आकाशाच्या खालच्या कडेकडे बोट केलं. मग विचारलं, "हे वावर कोणाचं आहे वं?"

त्या प्रोग्राममध्ये क्षितिजावर कुठल्याशा परदेशी कुरणाचं चित्र असतं, झाडंबिडं. मी म्हटलं, ते काढून टाकता येतं.

"नको काढू. झाड पाहिजे. सागाचं नाही, पण चालते."

तेव्हा मला कळलं की त्यांना नुसती बाज पाहायची नव्हती. मी वेळ मागे नेली. बाज वर, चोर अजून जमिनीखाली. मग काळाला पुढे सोडलं. चांदण्या सरकन वर धावल्या.

"हळू," बाबा म्हणाले. "जागल अशी पळत नसते."

मी वेग कमी केला. आणखी कमी. कूलर घुमत होता, खशीचा वास येत होता, बाहेर बांधकामावरचा मिक्सरही जेवणाच्या सुट्टीत थांबला होता. आईने मटकीचं ताट बाजूला ठेवलं आणि ती येऊन पलंगाच्या कडेला बसली. ती म्हणाली, "मले त काहीच दिसून नाही राहिलं. मुंग्या आहेत."

"तुले मोठं दिसते सारं, म्हणून," बाबा म्हणाले.

पहिला चोर झाडाच्या वर आला. मग दुसरा. बाबांची मान हलत नव्हती. हात मात्र मांडीवर असा ठेवलेला, जणू बाजूला कोणी निजलं आहे आणि त्याला हलवून उठवायचं आहे. मी त्यांच्याकडे पाहावं की डबीएवढ्या आकाशाकडे, ते मला ठरवता येईना.

"निघाला," ते म्हणाले.

परक्या कुरणातल्या परक्या झाडावर एक ठिपका उगवला होता. चार पाय, तीन चोर, एका नजरेत.

"झाली माही पाळी," बाबा म्हणाले. त्यांनी उशी ओढली, भिंतीकडे तोंड केलं आणि पाचच मिनिटांत घोरायला लागले. बाजूच्या कशाशीही ज्यांचं हल्ली जमत नव्हतं ते बाबा इतके निश्चिंत कुशीवर वळलेले मी बऱ्याच दिवसांनी पाहिले. आईने कूलरची दिशा त्यांच्याकडे केली.

मी तक्ता उघडला आणि बावीस ओळींच्या वर, सगळ्यात आधी, एक नवी ओळ घातली: खिडकी किती लहान होते. तीनही रकाने भरले. मग लक्षात आलं की आकाश बंद करायचं राहिलं आहे. ते तसंच राहू दिलं. म्हातारी निजलेली होती, चोर मागे लागलेले होते, आणि पाळी आता माझी होती.