उजवा कौल
शेवंतीचा ओला वास आला की अजून तो दिवस आठवतो. दुपारी घरी जेवायला येता यायचं, अशी गावाजवळच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातली नोकरी सोडून दीडपट पगारासाठी पुण्याला जावं का, याचा कौल घ्यायला आई मला गावदेवीपुढं घेऊन गेली होती. पुजाऱ्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जायचं. डावीच पडू दे, असं मी मनात घोकत होतो. उजवी पडली. ‘जा, जा’ म्हणून महिनाभर मागं लागलेली आईच घाबऱ्या आवाजात म्हणाली, “आप्पा, परत एकदा लावून बघा की.” पुजारी म्हणाला, “देवी एकदाच सांगती, आक्का.” काल इथं पुण्यात मुलीनं परदेशातल्या नोकरीचं विचारलं. मी ‘जा’ म्हणालो, पण आवाज निघाला तो आईचा, त्या दिवशीचा.