दोन कप्प्यांची पिशवी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या पोटातलं पाणी पिशवीत उतरत होतं, त्यामुळे मला जागचं उठता आलं नाही. फोन त्यांच्या मुलाचा, गणेशचा होता. "बाई, आक्का गेली. जालन्याला, दवाखान्यातच. हार्टनं," एवढंच तो बोलला. मी नुसतं हो म्हणाले. पाणी पूर्ण उतरेपर्यंत बसून राहिले, नवी पिशवी लावली, तिच्यातलं पाणी पोटात भरून घेतलं, आणि मग ह्यांना हाक मारून सांगितलं. त्याला आता काही आठवडे होऊन गेले...

आम्हा दोघींचीही मूत्रपिंडं निकामी झालेली. पोटात कायमची नळी बसवलेली असते. तिच्यातून दिवसातून चार वेळा पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास राहू द्यायचं आणि काढून टाकायचं. त्या पाण्यात साखर असते, काही क्षार असतात. साखर पोटातल्या पडद्यातून अंगातलं जादा पाणी ओढून घेते आणि रक्तातली घाण त्याच्याबरोबर बाहेर पडते. घरच्या घरी होणारं हे डायलिसिस. मी ते भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत, शाळेतलं शिकवणं सांभाळून करते. सुभद्राआक्का घनसावंगीकडच्या कुंभार पिंपळगावात, मोसंबीची बाग सांभाळून करायच्या. जिल्ह्याच्या दोन टोकांना आम्ही दोघी. गाठ पडली ती दोन्ही गावांच्या नावामुळे.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना होता. शाळेच्या कामासाठी मी भोकरदनला गेले होते. संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर डायलिसिसच्या पिशव्यांच्या खोक्यांची थप्पी. टेम्पोवाला नवा होता, पिंपळगाव एवढंच वाचून तो खोकी आमच्याकडे टाकून गेला होता. दिवसभर ती उन्हात तापत होती. नाव माझं नव्हतं, पण नंबर होता. मी फोन लावला.

"तुमच्याकडं गेल्या व्हय," पलीकडून शांत आवाज आला. "सकाळपासून वाट पाहून राह्यले मी. माझ्यापाशी आता उद्या सकाळपुरतीच एक पिशवी हाय. पोराला घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत दोघं जीपनं आले. साठीच्या बाई, अंगानं बारीक, नऊवारीचा ओचा जरा उंच खोचलेला. चहालाही न थांबता त्यांनी खोकं उघडलं आणि एक पिशवी खिडकीपाशी उजेडात धरली. ती माझ्या पिशव्यांसारखी नव्हती. मधोमध एक शिवण होती आणि दोन कप्पे. दोन्हींतलं पाणी स्वच्छ दिसत होतं.

"साफ तर दिसून राह्यलंय," गणेश म्हणाला. "चल मंग, टाकू गाडीत."

"डाक्टरला इचार आधी."

डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. एवढ्या उन्हात साखर बिघडायला लागते, पाणी दिसायला तसंच राहतं, पण त्यातून जे तयार होतं ते पोटातल्या पडद्याला मारक असतं. गणेश चिडला. नवा माल यायला चार-पाच दिवस लागणार होते, आणि रक्त मशीनमधून फिरवायच्या डायलिसिससाठी आक्कांच्या हातातली शीर तयार केलेली नव्हती. "चार दिवस काय करायचं? एवढ्यानं काय होतंय?" तो मला उद्देशून बोलत होता, जशी काही मी त्याच्या बाजूनं साक्ष देणार होते. आक्का त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "पडदा माझ्या पोटातला हाय, गणेश. तो काही दुकानात मिळत न्हाई."

मग मीच डॉक्टरांशी बोलले. माझ्या पिशव्या साध्या, एकाच कप्प्याच्या, पण साखर तेवढीच आणि नळीचा जोडही तोच. त्यांनी परवानगी दिली. "थोडी आग होईल म्हणावं, हे पाणी जरा आंबट असतं," एवढं सांगितलं. माझ्याकडे महिन्याचा साठा नुकताच आलेला होता. सकाळची पिशवी आक्का घरीच वापरून आल्या होत्या, आता दुपारची पाळी आली होती, म्हणून पहिली पिशवी माझ्याच खोलीत, माझ्याच खुंटीवर टांगली. पाणी आत जायला लागलं तसा त्यांनी खाटेचा काठ घट्ट धरला.

त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी विचारलं, की तुमच्या पिशवीला दोन कप्पे कशाला? मी विज्ञान शिकवते, पण माझ्याच पोटात जाणाऱ्या पाण्याचा मी कधी विचार केला नव्हता. त्यांना डॉक्टरांनी समजावलेलं होतं. साखर आंबट पाण्यात टिकते; आंबटपणा मारायचा क्षार तिच्यात आधीच घातला तर पिशवी निर्जंतुक करायला तापवताना ती बिघडते. शिवाय हा क्षार पाण्यातल्या चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, क्षाराशी महिनोन्‌महिने एकत्र राहिला तर साका धरतो. "आमच्या बागेत बुरशीवर बोर्डो करतेत तसंच," त्या म्हणाल्या. "मोरचूद एका बादलीत भिजवायचा, चुना दुसऱ्यात. फवारायच्या टायमाला मिसळायचं अन् त्याच दिवशी संपवायचं." इतक्यात पाणी सगळं आत गेलं होतं. त्यांनी काठ सोडला आणि चहा मागितला.

त्यानंतर आमचे फोन सुरू झाले. बहुतेक बोलणं पाण्याचंच. किती निघालं, साफ निघालं का, पायावर सूज आहे का. मध्येच मोसंबीचा भाव, माझ्या शाळेतल्या कुरबुरी. मी बौद्ध, त्या देशमुखांच्या घरातल्या. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा सुनेनं मला बाहेरच्या खोलीत बसवलं. आक्का आतून आल्या, माझी पाण्याची पिशवी हातात घेतली आणि म्हणाल्या, "हिथं धूळ येते. माझ्या खोलीत चला." पुढच्या खेपेला सुनेनं मला थेट आत नेलं.

गेल्या वर्षी त्यांचं पाणी कमी निघायला लागलं. पडदा थकला होता. जास्त साखरेच्या पिशव्या दिल्या, त्यांनीही फार फरक पडला नाही. डॉक्टर म्हणाले, आता मशीन. "मोसंबीचा तोडा होऊ द्या," त्या म्हणाल्या. गणेशनं मला फोन केला, "तुमचं ऐकती ती, सांगा तिला." मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, झाडावर माल हाय. तुम्ही परीक्षा सोडून गेल्ता का कधी?" मी गेले नव्हते. तोडा झाला, ट्रक भरून गेले, आणि त्या ठरल्याप्रमाणे जालन्याला मशीनवर जायला लागल्या. पण तोवर अंगात साचलेल्या पाण्यानं हृदय दमलेलं होतं...

तेराव्यानंतर मी भेटायला गेले. गणेशनं मला त्यांच्या खोलीत नेलं. गार, अंधारी, उत्तरेकडची खोली. उरलेली खोकी भिंतीपासून हातभर पुढे, फळीवर रचलेली होती. "तिनं सांगितलं होतं, बाईंच्या डाक्टरला इचारून त्यांना दे म्हणून," तो म्हणाला. "मी उन्हात काढली न्हाईत एकदाबी."

डॉक्टरांनी तारखा बघून होकार दिला. घरी येऊन मी पहिली पिशवी पसरली, एका कप्प्यावर जोर देऊन मधली शिवण उघडली, दोन्ही पाणी एकत्र केलं आणि खुंटीला टांगली. इतकी वर्षं पाणी आत जाताना माझ्या पोटात आग होत आली होती. आक्कांनाही मी ते कधी सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही; मला वाटायचं, साध्या पिशवीचं ते असंच असतं, सगळ्यांनाच होत असणार. सवयीनं मी दात आवळून बसले आणि नळीचा चिमटा उघडला. पाणी उतरत राहिलं. अर्धी पिशवी रिकामी झाली तरी माझे दात आवळलेलेच होते... मग हळूहळू लक्षात आलं, की काहीच होत नाहीये.