राठोडी की राठोडे

"सर, हा युनिओ नाही," वैशाली म्हणाली आणि माझा चहा हातातच राहिला.

वैशाली माझी विद्यार्थिनी. आता आमच्याच यवतमाळच्या कॉलेजात, भूशास्त्र विभागात, शेजारच्या टेबलावर बसते. तिच्या हातात माझ्या ड्रॉवरमधला दगडी शिंपला होता. आपल्याकडे फार पूर्वी लाव्हा थांबून थांबून वाहिला. मधल्या काळात तळी साचली. त्यांच्या गाळात गोड्या पाण्यातले शिंपले गाडले गेले आणि त्यांचा दगड झाला. विहीर खोदताना ते निघतात. या शिंपल्याला वीस वर्षांपूर्वी मी युनिओ हे जुनं, ठरलेलं नाव लावून मोकळा झालो होतो.

"कशावरून नाही?"

"हिंज पाहा ना सर. दात वेगळेच दिसून राह्यले."

शिंपल्याचे दोन झाप आतून जिथे जुळतात, ती बिजागरी म्हणजे हिंज. तिथे बारीक दात असतात. जात ठरते ती त्यांच्यावरून, बाहेरचा आकार फसवतो. हे मीच तिला शिकवलं होतं. स्वतः मात्र हिंजवरची माती कधी काढली नव्हती. तिने दोन महिने सुईने खरवडून काढली होती. जात नवीन होती, कुठेच नोंद नव्हती.

माझा जळफळाट झाला, सरळ सांगतो. शिंपला वीस वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये आणि नाव ठेवणार ही. तोंडाने "शाब्बास" म्हणालो. घरी जाऊन भाजीत मीठ नाही म्हणून बायकोशी भांडलो. मीठ होतं.

शिंपला दिग्रसजवळच्या एका तांड्यावरच्या विहिरीतला. वैशाली ती विहीर पाहून आली आणि आठवडाभरात पेपरचा ड्राफ्ट माझ्यापुढे ठेवला. "सर, एकदा नजर घाला."

मी चुका काढायलाच बसलो. तिसऱ्या पानावर नव्या जातीचं नाव होतं, राठोडे.

माझं आडनाव राठोड. पोटातलं सगळं दुखणं तिथेच थांबलं. पोरीने गुरूची आठवण ठेवली होती. फक्त शेवट चुकला होता. लॅटिन नावात पुरुषाच्या आडनावाला शेवटी 'ई' लागते, बाईच्या आडनावाला 'ए'. मी लाल पेनने 'राठोडी' केलं आणि बाजूला लिहिलं, 'मी पुरुष आहे.'

दुसऱ्या दिवशी वैशाली ड्राफ्ट घेऊन टेबलापाशी उभी राहिली. बोट माझ्या लाल शाईवर.

"काहून, काय झालं?"

"सर, ते बरोबरच आहे. शेवंताबाई राठोड. तांड्यावर भेटल्या. म्हणे, इहिरीतून म्याच काढला, धुतला अन् तुमच्या सरले देल्ला. सर म्हणे, याच्यावर तुमचं नाव लिहीन."

बाई आठवली. शिंपला पदराने पुसून दिला होता तिने. मी ड्रॉवरमधून लेबल काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'संग्राहक: राठोड.' खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. पण वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते माझंच म्हणून दाखवत आलो होतो.

"आभारात तुमचं नाव आहे सर," ती हळूच म्हणाली.

"राहू दे. ती लाल शाई खोड आधी."

पेपर छापून आला. नाव राठोडेच. दुसऱ्याला हिंज तपासायला शिकवणाऱ्याने आपलं लेबलही अधूनमधून तपासावं, एवढंच शिकलो. लेबलवर 'राठोड'च्या आधी थोडी जागा होती. तिथे 'शेवंताबाई' लिहिलं. जरा दाटी झाली, पण बसलं.