आप्पांचं खोटं निदान

लॅपटॉप समोर ठेवला की आप्पा चष्मा कपाळावर चढवायचे, डाव्या हाताची तीन आणि उजव्या हाताचं एक अशी चार बोटं कीबोर्डवर एकदम दाबायचे आणि मान तिरकी करून कान जवळ न्यायचे. आतून बारीकसा 'टुक्' आवाज आला की त्यांचा चेहरा खुलायचा.

"जित्ता शे," ते म्हणायचे. "थिजलाय फक्त."

'हँग झाला' हे शब्द त्यांना चालत नसत. हँग म्हणजे फाशी, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "तूप थिजतं तसं हे. ऊब कुठं कमी पडली ते बघायचं, नायतर कुठं जास्त झाली ते." पडदा जागच्या जागी गोठला, माऊसचा बाण हलेना, पण टुक् वाजलं, तर बाकीचं मशिन शुद्धीवर आहे आणि बिघाड पडद्यापुरता आहे, असा त्यांचा हिशेब. मी नंतर पडताळून पाहिलं, तो बरोबर होता.

इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. मूळचे देवळ्याचे. तिकडे विहिरींवरच्या मोटारी वाइंडिंग करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मोटार दुरून ऐकून ते सांगत म्हणे, बेअरिंग गेलंय की पाणी आटलंय. नाशकात येऊन लॅपटॉप शिकले ते पन्नाशीला टेकताना. बोलणं शहराला सरावलं होतं, पण कामात जीव रमला की 'आहे'च्या जागी बागलाणातलं 'शे' आपोआप बाहेर यायचं.

आणखी एक खोड होती. दुरुस्त झालेल्या लॅपटॉपच्या पोटाला ते कागदाची पांढरी पट्टी चिकटवत आणि तिच्यावर बिघाडाचं कारण लिहीत, स्वच्छ मराठीत. 'चहा.' 'मुंग्या.' 'नवा ड्रायव्हर जुन्या मशिनला झेपला नाही.' आमच्या वरच्या मजल्यावरच्या वकिलांच्या लॅपटॉपवर 'मालक घाई करतात' अशी पट्टी होती आणि ते ती कोर्टातही अभिमानाने दाखवत. एकदा एक तरुण विनवत होता, "आप्पा, मदरबोर्ड गेलाय एवढंच लिहा ना. ऑफिस नवा देईल." आप्पांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "जे नाय ते माझ्या हातून लिहिलं जात नाय, दादा. हात वळत नाय." तो पोरगा रागावून गेला आणि महिन्याभराने बहिणीचा लॅपटॉप घेऊन परत आला. अशा माणसाकडे लोक परत येतातच, हे तुम्हीही पाहिलं असेल.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या पडत्या काळात. अंबडच्या कारखान्यातली नोकरी सुटली होती. छोट्या वर्कशॉपना लागणाऱ्या फिक्श्चरची, म्हणजे मशिनवर घडवायचा तुकडा घट्ट धरून ठेवणाऱ्या सांगाड्यांची, त्रिमितीय ड्रॉइंग घरबसल्या करून द्यायची असं ठरवून मी लॅपटॉप घेतला. थोड्याच दिवसांत दसरा आला. मी आईला म्हटलं, "हत्यारांची पूजा तू कर."

आई कचरली. वडील गेल्यापासून तिने कुंकवाचा करंडा हातात घेतला नव्हता. "माझ्या हाताने नको रे, नवीन काम आहे तुझं." मी हट्टच धरला. म्हटलं, तुझ्याइतका शुभ हात कुणाचा असणार? शेवटी तिने केली. लॅपटॉप पाटावर उघडून ठेवला, झेंडू वाहिला, हळदकुंकू, अक्षता, सगळं मनापासून. आपल्याकडे त्या दिवशी वहीपासून ट्रॅक्टरपर्यंत कुणी सुटत नाही. मग माझाच लॅपटॉप कशाला सुटावा?

दुसऱ्या आठवड्यापासून तो थिजायला लागला. ड्रॉइंग गोल फिरवायला घेतलं की पडदा गच्च. कंपनीच्या मदत केंद्राने ड्रायव्हर काढून नवा टाकायला सांगितला. भाच्याने त्याहून नवा टाकला. गंगापूर रोडवरच्या एका चकचकीत दुकानाने आणखी एक टाकून दिला. अर्धा तास बरा चालायचा आणि मग पुन्हा तेच. पहिलंच मोठं काम हातात आणि मुदत चार दिवसांवर. आई माझ्या पाठीमागे येऊन उभी राहायची. एकदा हळूच म्हणाली, "माझ्या हातून पूजेत काही राहिलं का रे?" मी वैतागात होतो. "पूजेने मशिनं चालत नाहीत, आई!" म्हणून तोडलं. ती आत गेली. ते वाक्य मला अजून टोचतं.

शेवटी मी लॅपटॉप घेऊन जिन्याखाली गेलो. आप्पांनी आधी पडद्यावर मशिनची, बिघाड आपोआप टिपून ठेवणारी नोंदवही उघडली. ड्रायव्हर थांबला, पुन्हा सुरू झाला, अशा ओळींची रांगच लागलेली होती. "ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या बघा. मशिन एक बोलतं, पडद्याला दुसरंच कळतं, हा मधी उभा. दुभाष्या अडखळला की सगळे त्यालाच हाकलून दुसरा आणतात. का अडखळला ते कोण इचारत नाय." मग त्यांनी माझंच ड्रॉइंग उघडून ते वीस मिनिटं गरागरा फिरवलं. पडदा थिजला. चार बोटं. टुक्. त्यांनी तळहात लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवला आणि चटकन काढून घेतला.

"शेवटचं काय केलं होतं याला?"

"काहीच नाही."

"सगळे हेच सांगतात. बरं, हे सुरू झालं त्याच्या आधी सण कोणता झाला?"

"दसरा," मी म्हटलं. त्यांनी स्क्रू काढले. पंख्याच्या पात्यांवर, तांब्याच्या नळीमागच्या जाळीत, लालपिवळा थर बसला होता. मधे तांदळाचे दोन दाणे आणि झेंडूची एक वाळकी पाकळी. कीबोर्डच्या वरच्या पट्टीला बारीक छिद्रं होती. आईला ते लॅपटॉपचं कपाळ वाटलं असणार. आतली हवा कोंडली, चिप तापली आणि दुभाष्याची बोबडी वळली, इतकी साधी गोष्ट.

"दसऱ्यानंतर आठ दिवस मला जेवायला सवड नसते," आप्पा हसत म्हणाले. "पूजा कोणी केली?"

मी सांगितलं. आईचं कचरणंही सांगितलं, माझं तोडून बोलणंही. त्यांचं हसू गेलं. मऊ ब्रशने ते बराच वेळ जाळी झाडत राहिले. मग पट्टी घेतली, पेन उघडलं, थांबले, आणि लिहिलं, 'ग्राफिक्स ड्रायव्हर'. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं होतं.

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. लॅपटॉप द्यायला स्वतः घरी आले. आईने चहा दिला आणि विचारलंच, "आप्पा, काय झालं होतं हो याला?"

"ड्रायव्हर, माय. कंपनीचाच दोष व्हता. तुमची पूजा व्हती म्हणून एवढा तरी टिकला."

आई त्या दिवशी किती दिवसांनी हसली. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो. काम मुदतीत पोचलं.

पुढच्या दसऱ्याला सकाळी आठलाच बेल वाजली. आप्पा आपट्याची पानं घेऊन दारात. "संध्याकाळी देवळ्याला जायचंय, म्हणून सोनं आत्ताच." आई चहाला आत वळली तशी त्यांनी खिशातून पारदर्शक चिकटपट्टी काढली, लॅपटॉपच्या सगळ्या छिद्रांवर सफाईने बसवली आणि मला पुटपुटले, "संध्याकाळी काढून टाका." आईने निर्धास्त पूजा केली. पुढे दरवर्षी हेच, चार दसरे. देवळ्याला मात्र ते एकदाही गेले नाहीत. संध्याकाळी दुकानात दिसायचे.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. दुपारी दुकानातच छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. त्या जिन्याखाली आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. एका माणसाच्या कानाची किंमत मला फार उशिरा कळली.

यंदा दसऱ्याला मीच लवकर उठलो, चिकटपट्टी शोधत हॉलमध्ये आलो. पाटावर लॅपटॉप मांडलेला होता आणि त्याच्या छिद्रांवर पट्टी आधीच लागलेली होती, कात्रीने वाकडीतिकडी कापलेली. आई शेजारी करंडा घेऊन बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. त्यांना खोटं कुठं बोलता यायचं? कपातल्या चहाशी बोलत होते. वाईट वाटलं, फार वाटलं. मग म्हटलं, एवढा सरळ माणूस आपल्यासाठी खोटं बोलला, आता करंडा खाली ठेवायचा नाही."

"मग त्यांना सांगायचं तरी. दरवर्षी बिचारे सकाळी सकाळी यायचे."

आईने कुंकवाचं बोट पट्टीवर टेकवलं.

"सांगितलं असतं, तर आले असते का?"